पानाच्या डाव्या बाजूचा घास

मी बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. आजारपणाची हकीकत वाचताना बाई शेवटी राहिली की गेली, या धास्तीनंच वाचणारीचं अर्धं रक्त आटतं. ज्या घरात संग्रहणीचं माणूस अंथरुणाला खिळलं आहे, तिथल्या बायकांचं तर आधीच पुष्कळ आटलेलं असतं. तेव्हा घोर नको. ठाण्यात आमच्याच घरी, परसाकडच्या पडवीत बसून मी हे लिहिते आहे. मुलगी शेजारी झोळीत निजली आहे आणि मी सकाळी पोटभर जेवले आहे.

आमच्या घरात माणसं मोजकी. पहिले माझे यजमान, सरकारी कचेरीत कारकून आहेत. त्यांचं नाव मी घेणार नाही, 'हे' म्हटलं की समजून घ्यावं. दुसऱ्या सासूबाई. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून घर त्यांच्या मुठीत आहे आणि मूठ घट्ट आहे. तिसरी मी, चौथी आमची चिमी. लिहा-वाचायला मला यांनीच शिकवलं, सासूबाई देवळात गेल्या की. त्या परतल्या की पाटी तांदळाच्या मडक्यामागं. त्यांना हे ठाऊक नाही, असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं.

तोंडीलावणी

स्वयंपाकात माझा हात कशावर बसला असेल तर तो तोंडीलावण्यांवर. पुरणपोळी माझी फुटते, हे सगळ्या आळीला माहीत आहे. पण दोडक्याच्या शिरांची चटणी, कारळाची चटणी, विळीवर बारीक चोचवलेल्या काकडीची कोशिंबीर, मुळ्याची, केळ्याची, भोपळ्याचं भरीत, यांत मी कुणाला हार जायची नाही. पंगतीतली माणसं भाजीची चौकशी करतात, पक्वान्नाला मान डोलावतात. पानाच्या डाव्या बाजूला कुणी विचारत नाही. पण एक दिवस ती वाढू नका आणि मग बघा, तीच माणसं भातावर कशी रुसून बसतात.

यांना मात्र डाव्या बाजूची पारख होती. तोंडानं कधी बोलले नाहीत. आईसमोर बायकोशी बोलायचं, त्यातून तिच्या चटणीचं कौतुक करायचं, म्हणजे अगदीच लाज सोडल्यासारखं. पण नवऱ्याचं जेवण झालं की त्याच पानावर बायकोनं बसायचं, ही आमच्याकडची रीत. हे उठले की मी पानाशी यायची आणि आधी डावीकडे बघायची. चटणी जमली असली की अर्ध्याहून जास्त माझ्यासाठी राखलेली. फारच जमली असली की जवळजवळ वाढली तेवढीच, नुसतं बोट फिरवल्याची खूण. आदल्या दिवशी आमचं काही बिनसलं असेल तर कोशिंबीर फस्त आणि कारल्याची फोड तेवढी शिल्लक. मग मी एकटीच पानावर बसून हसायची आणि सासूबाई विचारायच्या, "काय गं, भातात काय सापडलं?"

दिवसाउजेडी, सासूबाई घरात असताना, आमचं बोलणं व्हायचं ते एवढंच, पण ते रोज व्हायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात सासूबाईंनी मला नेम दिला. यांच्या पानातला एक घास रोज पोटात गेला पाहिजे, एक दिवसही चुकवायचा नाही. नवऱ्याच्या आयुष्यासाठीचा नेम, जन्मभराचा. मी आनंदानं घेतला. मला त्यात अवघड ते काय होतं?

जीभ दाखवा

चिमी झाली आणि त्यानंतर माझं पोट बिघडलं ते काही ताळ्यावर येईना. आधी वाटलं, बाळंतपणाचं आहे, जाईल. सुंठ झाली, डिंक झाला, बाळंतशेपा झाल्या. खाल्लेलं अंगी लागेना, खाल्लं की परसाकडे धाव. हा आजार असा मेला चोरटा की त्याचं नाव काढायचीही लाज वाटते. ताप आला तर बाई सांगते. हे ती लपवते, आणि लपवता लपवता जाते. मीही पुष्कळ लपवलं. मग जीभ सोलल्यासारखी लाल झाली, तोंड आलं, अंगावरचं दूध आटलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही.

सरकारी दवाखान्यात डाक्तराकडे बाईमाणसाला न्यायचं, हा विषय घरात निघाला तसाच मिटला. हे कल्याणला गेले आणि वैद्यबुवांना आगगाडीनं घेऊन आले. वैद्यबुवा वयस्क, अंगानं काटकुळे आणि बोलायला तिखट. त्यांनी माझी जीभ पाहिली, नखं पाहिली, पोट दाबून पाहिलं. सगळे प्रश्न सासूबाईंना विचारले. शेवटचा तेवढा मला विचारला, "लपवलंत किती दिवस?"

"संग्रहणी आहे," ते यांना म्हणाले.

हा शब्द माझ्या ओळखीचा होता. आमच्या आळीतली एक बाई त्यानंच गेली होती. उचलणाऱ्यांना तिचं ओझंच झालं नाही, असं म्हणत होते लोक. चिमी तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर बोंडल्यानं गाईचं दूध पीत होती. मधेच सासूबाई उठल्या आणि त्यांनी तिला यांच्या हातात दिलं, तरी ती पीतच राहिली. कुणाच्या हातून पितो आहोत, याचं तिला काहीच नव्हतं. ते पाहून मला फार भीती वाटली. मी गेले तर तिला कळायचंसुद्धा नाही.

"पुड्या देतो," वैद्यबुवा म्हणाले, "पण खरं औषध ताक. गाईचं, ताजं, लोणी काढलेलं. भूक लागली, ताक. तहान लागली, ताक. अन्नाचा कण नाही, पाणी नाही, मीठ नाही."

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"पोट सांगेल तोवर."

मी पदर सावरून विचारलं, "लोणच्याचा खार तरी? बोटभर?"

वैद्यबुवा पहिल्यांदाच हसले. "बाई, मी तुम्हाला यमाच्या दारातून माघारी बोलावतोय आणि तुम्ही लोणचं मागताय."

"मग रिकाम्या तोंडानं कशी येऊ?"

सासूबाईंनी डोळे वटारले. यांनी तोंड फिरवलं. हसू आलं होतं की रडू, ते मी अजून विचारलेलं नाही.

ताकावरचे दिवस

ज्या बायका आज ताकावर आहेत त्यांना सांगते, पहिले काही दिवस फार वाईट. बिनमिठाचं ताक म्हणजे चुन्याची निवळीच. रवीचा आवाज सुरू झाला की मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटायचं. पुढं पुढं माणूस त्यातही फरक ओळखायला शिकतं. आज विरजण आंबट होतं, आज गाय दुसरं गवत खाऊन आली. हेही मनाला काहीतरी काम होतं.

खरा छळ वासांचा. माझी खोली माजघराला लागून. स्वयंपाक आता सासूबाई करायच्या आणि त्यांच्या फोडणीत हिंग नेहमी लवकर पडायचा. मला अंथरुणावरून कळायचं, आता जळला. एकदा न राहवून मी म्हटलं, "हिंग मागाहून घाला." आतून उत्तर आलं, "तू ताक पी."

पण त्यांचं केलेलं विसरून चालायचं नाही. या आजारात धुण्याला अंत नसतो. माझी सगळी धुणी त्यांनी स्वतः धुतली, कामाच्या बाईला हात लावू दिला नाही, लोकांत चर्चा नको म्हणून. आणि सोवळ्यातल्या त्या, दर खेपेला विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ. थंडी पडली तरीसुद्धा. मी "राहू द्या" म्हटलं की म्हणायच्या, "गप्प पड. मला तेवढाच आंघोळीचा सोस."

कोपरीची चांगुणा दारावर मीठ आणि काकड्या घेऊन यायची. जातीची आगरीण, नवरा मिठागरात कामाला. काकडी निवडताना घासाघीस करणारा माझा आवाज ऐकू येईना, म्हणून एक दिवस ती माझ्या खिडकीशी आली.

"बाय गो, पार सुकलीस गो. सुकटीवानी." तिनं गजातून मला नीट पाहिलं. "कं खातेस?"

"ताक."

"आन मीठ?"

"मीठ नाही."

"मीठ नाय?" तिला ते काही केल्या पटेना. "मिठाबिगर मानूस जगल कसा?" मग तिनं पाटीतली एक कोवळी काकडी काढून खिडकीत ठेवली. "खाव नको. वास तरी घे."

ती काकडी मी दिवसभर उशाशी ठेवली. तिचा वास घेत मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. पुढं ती येईल त्या दिवशी एक काकडी खिडकीत ठेवून जायची. सासूबाईंनी दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि दिवसातून एकदा, यांचं जेवण झालं की सासूबाई यांचं पान माझ्या अंथरुणाशी आणायच्या. नेमाचा घास. आमटीभात, वर चटणी, कडेला कोशिंबीर. तोंड सोललेलं, त्यामुळे मिरची लागली की डोळ्यांतून पाणी यायचं, पण तो घास मी कुणी सांगूनही सोडला नसता. अख्ख्या दिवसात जगाशी माझा संबंध होता तो तेवढाच. मी दिवसभर ताकावर आहे, म्हणून हेही डावीकडे आणखी राखू लागले. कधी कधी तर चटणी वाढली तशीच माझ्याकडे यायची.

याला आमच्यापैकी कुणीच खाणं म्हटलं नाही. ताक औषधात जमा, घास धर्मात जमा, आणि जेवण म्हणाल तर मी जेवतच नव्हते. वैद्यबुवा येऊन विचारायचे, काय काय खाता? आम्ही तिघंही छातीवर हात ठेवून सांगायचो, ताकाशिवाय काही नाही. तिघांपैकी एकही खोटं बोलत नव्हतं.

वैद्यबुवा चक्रावले. पुड्या बदलल्या, गाय बदलली, ताक वाढवलं. मी दिवसेंदिवस खालीच चालले होते. एक दिवस ते ओटीवर यांना हळू आवाजात म्हणाले, "ताकानं हात टेकलेले मी अजून पाहिले नव्हते." आजारी माणसाचे कान फार तीक्ष्ण होतात. मला ते ऐकू आलं.

भरलं पान

त्यानंतर काही दिवसांनी वैद्यबुवा न कळवताच सकाळच्या गाडीनं आले. सासूबाईंनी त्यांना यांच्या शेजारी पाट मांडून जेवायलाच बसवलं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. यांना कचेरीची घाई, तेव्हा पाहुण्यांची रजा घेऊन हे आधी उठले आणि गेले. वैद्यबुवा सावकाश जेवणारे. सासूबाईंनी यांचं पान नेहमीप्रमाणे उचललं आणि माझ्याकडे निघाल्या.

"आई, पान कुठं निघालं?" वैद्यबुवांनी विचारलं.

"सूनबाईला."

त्यांचा हात भातातच थांबला. "सूनबाईला?"

"नेम आहे तिचा. यजमानांच्या पानातला घास."

"काय आहे त्यात?"

"काही नाही हो. आमटीभाताचा घास, मिरचीची चटणी, मुळ्याची कोशिंबीर."

"रोज?"

"नेम म्हणजे रोजच की."

"आणि मी दर खेपेला विचारतो, ही काय खाते, तेव्हा तुम्ही म्हणता काही नाही."

सासूबाईंना त्यांचा रोख कळेना. मलाही कळला नव्हता, अगदी खरं सांगते. "काही खातच नाही ती," त्या म्हणाल्या. "हा तर घास."

वैद्यबुवा भरल्या पानावरून उठले. पाहुण्यानं असं उठणं म्हणजे घराला केवढा बोल, सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हात धुऊन ते माझ्या दाराशी आले.

"आजपासून हा घास बंद."

"नेम मोडायचा?" सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि माझ्या मुलाला काही झालं तर?"

"नाही मोडलात तर ही पंधरवडा काढायची नाही." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, खायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे. मी सांगितलं, आता मी चाललो."

ते गेले. सासूबाई पान हातात घेऊन उभ्याच होत्या. माझ्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला चिमी. माझा नेमावर विश्वास होता. आज नाही, असंही म्हणवत नाही. घास घेतला तर मुलगी आईवाचून राहील, नाही घेतला तर यांचं काही बरंवाईट होईल. ज्यांना हे हसण्यासारखं वाटेल त्यांनी हसावं. त्या दिवशी आमच्या घरात कुणाला हसू आलं नाही.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाई पान समोर ठेवून उंबऱ्याशी बसल्या. दिवस मावळेपर्यंत नेमाला मुदत होती. त्या स्वतः एकभुक्त, त्यांचं त्या दिवसाचं एकच जेवण, तेही त्यांनी केलं नाही. मी घास घेतला नाही आणि त्यांनी पान उचललं नाही. उन्हं परसातून वर कौलांवर चढली, पानातला भात वाळून टणक झाला.

हे कचेरीतून आले ते थेट आत. वाळलेलं पान, उंबऱ्याशी आई, भिंतीकडे तोंड केलेली मी, असं सगळं बघून हे विचारते झाले, "काय झालं?" सासूबाईंनी सांगितलं. काही वगळलं नाही.

यांनी त्या पानाकडे बघितलं. सगळी चटणी तशीच होती, यांनीच राखलेली. मग आईच्या देखत, दिवसाउजेडी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे माझ्याशी बोलले. "मला वाटलं, तेवढाच तुला विरंगुळा."

मला रडू आवरेना. सासूबाईंनीही डोळ्याला पदर लावला.

यांनी पाय धुतले आणि माजघरात पाटावर जाऊन बसले. "आई, पान मांड."

"आत्ता? अवेळी?"

"मांड."

"आणि वाढू काय?"

"हिच्यासाठी केलेलं ताक. मीठ न घालता."

यांना ताकाचा पहिल्यापासून तिटकारा. सासूबाईंनी वाटी आणली. यांनी ती हातानं उचलून पानाच्या डाव्या बाजूला, चटणीच्या जागी ठेवली, मग तोंडाला लावली. अर्धी वाटी एरंडेल प्यावं तशी प्याले आणि परत त्याच जागी ठेवली. "आता हे आत ने."

"हे ताक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या पानातलं आहे ना?"

"आहे."

"उष्टं आहे ना?"

"आहे."

"मग नेम झाला. वैद्यांचंही ऐकलं."

कचेरीत कायद्याचा कीस काढायचा हाच यांचा धंदा, त्यामुळे सासूबाई सहजी विश्वास ठेवीनात. त्यांनी वाटीकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं. कुठूनच काही हरकत आली नाही, असं दिसलं. मग त्या यांना म्हणाल्या, "ही अक्कल सकाळी कुठं होती?" आणि वाटी घेऊन आत आल्या. त्यांनी घाईनं वाटी माझ्या तोंडाला लावली, थोडं ताक गळ्यावर सांडलं. मी उरलेलं प्याले. बाहेर अजून उजेड होता.

पोट कुणाचं ऐकतं

दुसऱ्या दिवशी मी उठून बसले, असं काही झालं नाही. पण आठ-पंधरा दिवसांत पोट थोडं शहाण्यासारखं वागू लागलं. मग जिभेची आग कमी झाली. मग एक दिवस भूक लागली. मी त्याला दुखणंच समजले, इतकी त्याची ओळख बुजली होती. हे रोज जेवणाआधी अर्धी वाटी बिनमिठाचं ताक पीत राहिले. माझ्यावर चिडलेले असले की वाटी जवळजवळ काठोकाठ आत यायची. मग सासूबाई म्हणायच्या, "आज काय म्हणालीस गं त्याला?"

ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना माझी एकच विनवणी आहे. वैद्यानं काय खाल्लं विचारलं की सगळं सांगा. देवाचा प्रसाद सांगा, तीर्थ सांगा, उपासाचं सांगा, मुलाच्या ताटलीतलं पुसून खाल्लेलं सांगा, नेमाचा घास सांगा. आपण त्याला खाणं म्हणत नाही, पण पोटाला यातला फरक कळत नाही. आणि पोटाची लाज धरू नका. मी धरली, तिची किंमत चिमीनं बोंडल्यावर राहून दिली.

कोरं पान

पेज, मग मुगाचं पाणी, मग मऊ भात, असं करत करत वैद्यबुवांनी एक दिवस मीठ मोकळं केलं. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काकडीची कोशिंबीर. मिरची नाही. दोन घास."

सासूबाईंनी त्या सकाळी देवापुढं नारळ ठेवला. "नेम मी दिला होता, मीच सोडवते," म्हणाल्या. हे जेवून कचेरीत गेल्यावर त्यांनी माजघरात पाट मांडला आणि माझ्यापुढं कोरं पान मांडलं. घरच्या रोजच्या जेवणाला लग्नानंतर माझ्यापुढं कोरं पान आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. काकडी त्यांनी स्वतः चोचवली होती, दाण्याचं कूट घातलं होतं आणि हिंग जाळला होता.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. वैद्यबुवा भरल्या पानावरून उठले, पंधरवडा म्हणाले, तरी या पान घेऊन संध्याकाळपर्यंत बसल्या. मुलाचं आयुष्य मोठं, हे मला मान्य. पण मी काय कुणीच नव्हते? बरं वाटायला लागलं की माणसाला तोंड फुटतं. मी विचारलं.

"वैद्यबुवांनी सांगितल्यावरही तुम्ही ते पान उचललं नाहीत. मी मेले असते तर चाललं असतं?"

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या खाली बसल्या.

"तुझे मामंजी पान लख्ख करायचे," त्या म्हणाल्या. "शीत राहायचं नाही. गावात नाव होतं, अन्नाचा मान राखणारा माणूस म्हणून. त्या पानावर मी भात वाढून घ्यायची. कधी वाटायचं, आज मुळ्याची कोशिंबीर आहे, त्यांना मुळा आवडत नाही, आज राहील. तीही राहायची नाही." त्यांनी पदराच्या टोकानं पाटावरचं नसलेलं काहीतरी पुसलं. "वाईट नव्हते गं. सुचलंच नाही त्यांना कधी."

त्यांनी कोशिंबिरीची वाटी जवळ ओढली.

"तुझं पान आणताना मी रोज बघायची, आज काय ठेवलंय. तू अशी काडी होऊन पडलेली, आणि हा चटणी अख्खीच्या अख्खी ठेवून जातो. मला वाटायचं, जिच्यासाठी कुणी एवढं मागं ठेवतं ती बाई मरायची कशी? त्यानंच तगलीय, असं वाटायचं. वैद्य म्हणाला तेच बंद करा. मला उचलवेना." मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "खा आता. मीठ बेताचं आहे ना?"

मी पहिला घास घेतला. मीठ चांगलंच जास्त झालं होतं.

"बेताचं आहे," मी म्हटलं. दुसरा घास खाल्ला आणि पान पुढं केलं. "आणखी थोडी वाढा."

"दोन घास म्हणजे दोन घास," सासूबाई म्हणाल्या, आणि वाटी उचलून आत घेऊन गेल्या.